शिक्षेचा धाक आणि पकडले जाण्याची खात्री



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्या वकीलसाहेबांनी आयुष्यभर जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली केली. वर्तमानपत्रांतून गाजलेले खटले त्यांच्या नावावर नाहीत. पण कामधंदा बुडवून तारखेला आलेला साक्षीदार जबाब न देता परत जाऊ नये, म्हणून न्यायाधीशांपुढे आग्रह धरणारा वकील ही त्यांची ओळख जुनी मंडळी अजून सांगतात. आजचा विषय मी कोर्टाच्या त्याच रोजच्या, कोणाचे फारसे लक्ष न जाणाऱ्या कामातून घेतला आहे. गुन्हे रोखण्यासाठी आपण कायदे करतो, शिक्षा वाढवतो, पोलिसांना जादा अधिकार देतो. त्याने गुन्हे खरोखर कमी होतात का? आणि होत असतील, तर नेमके कशाने होतात?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. शिक्षा किती मोठी आहे याचा हिशेब मांडून गुन्हा करणारा माणूस विरळा. आपण सापडू, आपल्याविरुद्ध कोणीतरी कोर्टात उभे राहील आणि वर्ष-दोन वर्षांत निकाल लागेल, असे वाटले तरच त्याचा हात आखडतो. आपली धोरणे मात्र बराच काळ शिक्षेचा आकडा वाढवण्यात गुंतली आहेत. सापडण्याची, साक्षीची आणि निकालाची खात्री वाढवण्याचे काम मागे पडले आहे.

हा विचार नवा नाही. इटलीच्या चेझारे बेक्कारिया यांनी 1764 साली गुन्हा आणि शिक्षा या विषयावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्याचा गाभाच हा होता की शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची अटळता गुन्ह्याला आवर घालते. अडीचशे वर्षांनी, 2013 साली, अमेरिकेतील गुन्हेशास्त्रज्ञ डॅनियल नागिन यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि ते जवळपास याच निष्कर्षाला आले. आधीच लांब असलेली शिक्षा आणखी लांबवल्याने धाक वाढल्याचा पुरावा कमकुवत आहे, पकडले जाण्याची शक्यता वाढली की धाक वाढतो, याचा पुरावा भक्कम आहे.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीत चालत्या बसमध्ये एका तरुणीवर जो सामूहिक बलात्कार झाला, त्याने देश हादरला. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने महिन्याभरात अहवाल दिला. बलात्काराला फाशी असावी अशी शिफारस त्या समितीने केली नाही. तपास, पोलीस आणि न्यायव्यवस्था सुधारण्यावर तिने भर दिला. तरीही 2013 च्या दुरुस्तीत पुन्हा बलात्कार करणाऱ्याला फाशीची तरतूद आलीच. हा कायदा ताजा असतानाच, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, मुंबईत शक्ती मिलच्या ओसाड आवारात एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक अत्याचार झाला. तिने त्याच दिवशी तक्रार केली आणि काही दिवसांत सारे आरोपी पकडले गेले. मग एक दुसरी तरुणी पुढे आली. त्याच टोळक्यातील काहींनी, त्याच आवारात, जुलैअखेरीस तिच्यावरही अत्याचार केला होता. ती इतके दिवस बोलू शकली नव्हती.

श्रोतेहो, या दोन घटनांच्या मधले ते तीन आठवडे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. कायद्याच्या पुस्तकात फाशी होती, पण त्या टोळक्याचा अनुभव वेगळा होता. पहिल्या वेळी काहीच झाले नाही, म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा तेच केले. पुढे या खटल्यात व्यवस्थेने जे करून दाखवले, ते मोलाचे आहे. महिन्याभरात दोषारोपपत्र दाखल झाले आणि मार्च 2014 मध्ये, म्हणजे सात महिन्यांत, निकाल लागला. तिघांना झालेली फाशी उच्च न्यायालयाने 2021 साली रद्द करून जन्मठेप दिली, आणि त्यावर मोठी चर्चा झाली. सात महिन्यांत निकाल कसा लागला, आणि तसा तो प्रत्येक तालुक्यात का लागत नाही, यावर मात्र फारशी चर्चा झाली नाही.

2018 साली बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला फाशीची तरतूद झाली. 2021 च्या डिसेंबरमध्ये आपल्या विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर केले. त्यातही फाशी होती. त्या विधेयकाचा कायदा झालाच नाही. पण फाशी वाढवून काय साधते? देशातील नोंद झालेल्या बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, हे सरकारी आकडेवारीच सांगते. काका, शेजारी, शिकवणीचा मास्तर फासावर जाईल म्हटल्यावर घरातलीच माणसे त्या पोरीला गप्प करतात. शिक्षा वाढते आणि तक्रार आटते. 2022 मध्ये देशभरात बलात्काराच्या खटल्यांत दोषसिद्धीचे प्रमाण 27 टक्क्यांच्या आसपास होते. चारातले तीन आरोपी सुटतात, तिथे चौथ्याला फाशी द्यावी की जन्मठेप, या वादातून धाक कसा निर्माण होणार?

आरोपी का सुटतात, हे कोर्टात बसल्याशिवाय कळत नाही. गुन्हा घडतो, तपासी अंमलदार घटनास्थळी पोहोचतो आणि पंच शोधू लागतो. भरल्या वस्तीत कोणी पंच व्हायला तयार नसते. शेवटी चहाच्या टपरीवरचा, पोलीस ठाण्याच्या ओळखीचा एखादा माणूस सही करतो. चाकू जप्त होतो, कागदात गुंडाळून सील होतो, त्यावर पंचांच्या सहीची चिठ्ठी लागते आणि मुद्देमाल ठाण्याच्या खोलीत जातो. तपासणीसाठी तो प्रयोगशाळेत जातो. त्या अहवालाला कोर्टात सगळे ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात आणि तो कधी वर्षभर येत नाही. चार-पाच वर्षांनी खटला चालतो. पंच साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. सरकारी वकील विचारतात, ही सही तुमची का? हो. हा चाकू तुमच्यासमोर जप्त झाला का? पंच म्हणतो, मला कोऱ्या कागदावर सही करायला सांगितली होती. सरकारी वकील त्याला फितूर घोषित करण्याची परवानगी मागतात. सील कोणी लावले, ते वाटेत कोणाच्या ताब्यात होते, याचा मेळ लागत नाही. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार एव्हाना गाव सोडून गेलेला असतो, किंवा आरोपीच्या भावकीशी त्याने मिटवून घेतलेले असते. न्यायाधीश पुराव्याअभावी आरोपीला सोडतात. दुसऱ्या दिवशी लोक म्हणतात, कायदे कडक नाहीत.

कायदा इथे कमी पडलेला नसतो. कमी पडलेले असतात ते पंच, सील, प्रयोगशाळा आणि तारीख. आणि यात सुधारणा होऊ शकते, हे महाराष्ट्रानेच दाखवले आहे. साधारण 2012 च्या सुमारास आपल्या राज्यातील दोषसिद्धीचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळत होते आणि आपण देशात तळाशी होतो. त्यानंतर गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून घेणे, समन्स वेळेवर बजावले जाते की नाही आणि साक्षीदार हजर राहतो की नाही हे पाहायला पैरवी अधिकारी नेमणे, अशी कामे हाती घेतली गेली. त्यानंतरच्या दशकात हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढले. यामागे ना फाशी होती, ना जामीनबंदी. कागद वेळेवर हलू लागले होते.

याच्या उलट दिशेचा मार्ग म्हणजे असाधारण कायदे. 1990 च्या दशकात मुंबईत खंडणी आणि सुपारीचे सत्र चालू होते. 1997 मध्ये कॅसेट उद्योजक गुलशन कुमार यांची भरदिवसा हत्या झाली. त्या पार्श्वभूमीवर 1999 साली संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायदा आला. एरवी पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात ग्राह्य धरत नाहीत. मोक्काने अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य मानला, दोषारोपपत्राची मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवता येऊ लागली आणि जामीन अवघड झाला. टोळ्यांना या कायद्याचा फटका बसला, हे मान्य करायला हवे. एकेका गुन्ह्याऐवजी सारी टोळी एका खटल्यात आणण्याची कल्पना योग्यच होती.

परंतु याच कायद्याच्या वापरातले एक प्रकरण डोळे उघडणारे आहे. 11 जुलै 2006 रोजी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. 180 हून अधिक माणसे गेली, शेकडो जखमी झाली. मोक्काखाली खटला चालला. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरले, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळखपरेड सदोष होती, महत्त्वाचे साक्षीदार शंभराहून अधिक दिवस गप्प का राहिले याचे समाधानकारक उत्तर नाही, जप्त मालाच्या सीलची साखळी सिद्ध होत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि हा निकाल इतर खटल्यांत पायंडा मानू नये असा अंतरिम आदेशही झाला. अंतिम निकाल काहीही लागो. एकोणीस वर्षांनी उच्च न्यायालयाच्या निकालानंतर स्थिती अशी आहे की या हत्याकांडाबद्दल कोणाचाही दोष कायम नाही आणि बारा माणसांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. संध्याकाळच्या विरार लोकलला चढलेल्या आणि घरी न परतलेल्या माणसाच्या बायकापोरांना आपण काय सांगणार? कबुलीजबाब हाताशी असला की बाकी तपासाचा कस कमी होतो. म्हणून जो कायदा पोलिसांचे काम सोपे करतो, तो शेवटी खटला कच्चा करतो.

दहशतवादविरोधी टाडा कायद्याचा अनुभव वेगळा नव्हता. 1985 ते 1995 या काळात अटका हजारोंनी झाल्या, शिक्षा मात्र एक-दोन टक्क्यांच्या घरातच राहिल्या.

मुंबईच्या टोळ्यांचा विषय निघाला आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. त्या टोळ्या वाढल्या कशावर? आधी गावठी दारूवर, मग तस्करीच्या सोन्यावर. 1949 च्या दारूबंदी कायद्याने दारूची मागणी थांबली नाही, फक्त पुरवठा हातभट्टीवाल्यांच्या हाती गेला. वरदराजन मुदलियारचे राज्य त्यातूनच उभे राहिले. सुवर्ण नियंत्रणाने हाजी मस्तानसारख्यांना धंदा दिला. 1990 साली सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, पुढच्या दोन-तीन वर्षांत सोन्याची आयात खुली होत गेली आणि तस्करीतला नफा आटला. एकही गोळी न झाडता, एकही अटक न करता एका मोठ्या गुन्हेगारी धंद्याचा कणा मोडला. गुन्हे नियंत्रणाचे काम फक्त गृहखात्यात होत नसते. कधी ते अर्थखात्यातही होते, आणि कधी तिथूनच गुन्ह्याला खतपाणी मिळते.

आता आपल्या गावात रोज दिसणाऱ्या धोरणाकडे येतो. गणेशोत्सव किंवा निवडणूक जवळ आली की चॅप्टर केसेसचा, म्हणजे प्रतिबंधक कारवायांचा, आणि तडीपारीच्या प्रस्तावांचा वेग वाढतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 55, 56 आणि 57 या कलमांखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येते. प्रस्तावात दोन गोपनीय जबाब असतात. अमुक याची दहशत आहे, भीतीने कोणी साक्ष देत नाही, असा मजकूर एका प्रस्तावातून दुसऱ्यात जवळपास शब्दशः उतरतो. आदेश निघतो आणि तो माणूस शेजारच्या जिल्ह्यात जाऊन राहतो. तिथल्या ठाण्याला त्याची ओळख नसते, त्याला काम मिळत नाही, आणि रात्री तो गुपचूप घरी येतो. जालना जिल्ह्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली स्पष्ट सांगितले की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो जपूनच वापरावा. कारण त्यामुळे माणूस आपल्या घरापासून, कुटुंबापासून आणि पोटापाण्यापासून तुटतो. 1981 च्या एमपीडीए कायद्याखाली तर खटला न चालवता वर्षभर स्थानबद्ध करता येते. दहशत इतकी आहे की साक्ष मिळत नाही, हे दोन्हींमागचे कारण खरे असू शकते. पण मग उत्तर साक्षीदाराला संरक्षण देण्यात आहे. राज्याने 2017 मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये देशभर साक्षीदार संरक्षण योजना लागू केली. किती साक्षीदारांच्या दारात हा कायदा पोहोचला, हे आपण विचारत नाही.

गुन्हेगार ठरवून टाकण्याच्या धोरणाचा सर्वांत जुना आणि सर्वांत वेदनादायक इतिहास आपल्याच मातीतला आहे. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींवर जन्माने गुन्हेगारीचा शिक्का मारला. सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. माणसाने दिवसातून ठरल्या वेळी हजेरी द्यायची आणि पासाशिवाय बाहेर पडायचे नाही. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा गेला आणि या जमाती विमुक्त झाल्या, पण 1959 चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा त्यांच्या मागे उभा राहिला. आजही गावात चोरी झाली की पारधी वस्तीवर पहाटे गाडी जाते. पोलीस तिथे गुंतले तेवढा वेळ खरा चोर निवांत असतो, आणि ज्या मुलाच्या बापाला उचलले त्याची शाळा सुटते. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारित कामवाटप आणि विमुक्त जमातींना सराईत मानणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. दीडशे वर्षे चाललेल्या या धोरणाने गुन्हे कमी केले, असे म्हणायला काडीचाही आधार नाही. त्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसे उपाशी ठेवली, एवढे मात्र सिद्ध झाले आहे.

तुरुंगाकडे पाहू. 2022 अखेर देशातील तुरुंगांत 5,73,220 कैदी होते. त्यांपैकी 75.8 टक्के, म्हणजे 4,34,302, कच्चे कैदी होते. चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. 1979 मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जलद खटला हा मूलभूत हक्क मानला, त्याला इतकी वर्षे लोटली. खटला रेंगाळतो म्हणून आपण आधीच कोठडी देतो, आणि कोठडी दिली म्हणून खटल्याची घाई उरत नाही. मोबाइल चोरला म्हणून आत गेलेला पोरगा सराईतांच्या बराकीत दोन वर्षे काढून बाहेर येतो. त्या दोन वर्षांत तो काय शिकला असेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

दुसरी वाटही आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. 1939 मध्ये औंध संस्थानने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू केली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने हा प्रयोग उभा राहिला. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. शिक्षा झालेले कैदी कुटुंबासह राहतात, शेती करतात. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांची कथा आणि व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा 1957 चा चित्रपट आला. चित्रपट सगळ्यांना ठाऊक आहे, वसाहत आजही चालू आहे हे मात्र कमी जणांना माहीत असते. कैद्याच्या बायकोला नवरा घरी दिसतो, मुलांना बाप दिसतो, आणि सुटल्यावर त्या माणसाच्या हातात कसण्याचे कसब असते. असा कैदी पुन्हा गुन्ह्याकडे का वळेल? निवडून पाठवलेल्या कैद्यांवरचा हा प्रयोग प्रत्येकाला लागू होणार नाही, हे मला मान्य आहे. पण तो आठ दशके टिकला आणि तरी आपण अशा मोजक्याच वसाहती काढल्या, याची खंत वाटते.

एक प्रश्न सभेत नक्की विचारला जाईल, म्हणून आधीच घेतो. गुन्हे वाढले की कमी झाले? देशातील खुनांचे प्रमाण 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला लाख लोकांमागे साडेचारच्या वर होते. 2022 मध्ये ते 2.1 होते. खून लपवणे कठीण, म्हणून हा आकडा तुलनेने खरा मानता येतो. बाकीच्या आकड्यांत गुन्ह्याइतकाच नोंदीचाही वाटा असतो. ठाण्याच्या हद्दीत गुन्हे कमी दिसले म्हणून अधिकाऱ्याचे कौतुक होत असेल, तर तो तक्रारदाराची फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेऊन बोळवण करील. दखलपात्र गुन्हा दाखल करून घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले, तरी आजही तक्रारदाराला ठाण्याच्या बाकड्यावर तासन्‌तास बसावे लागते. म्हणून अधिकाऱ्याचे मोजमाप दाखल गुन्ह्यांच्या संख्येवर नको. किती तपास कोर्टात टिकले, किती तक्रारदार समाधानाने घरी गेले, यावर व्हावे.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक होणार आहे. झडतीचे चित्रीकरण करावे लागते. आधी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळता, कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश मुदतीनंतर सोडण्याची तरतूद आहे. दिशा बरोबर आहे. पण तज्ज्ञाला गाडी, प्रयोगशाळेला माणसे आणि कोर्टाला न्यायाधीश दिले नाहीत, तर ही कलमे छापील राहतील. विधी आयोगाने 1987 मध्ये दहा लाख लोकसंख्येमागे 50 न्यायाधीश असावेत असे सुचवले. आज त्याच्या निम्मेही नाहीत.

श्रोतेहो, उद्या आपल्या भागात एखादा घृणास्पद गुन्हा घडला, तर आपल्याला संताप येईल आणि तो यायलाच हवा. मोर्चा निघेल, निवेदन लिहिले जाईल. माझी कळकळीची विनंती एवढीच आहे की त्या निवेदनात फक्त ‘फाशी द्या’ एवढेच लिहू नका. लिहा की दोषारोपपत्र मुदतीत दाखल झाले का ते कळवा. लिहा की सीए रिपोर्ट कधी येणार ते सांगा. लिहा की साक्षीदारांना संरक्षण दिले का, आणि आपल्या न्यायालयातील न्यायाधीशांच्या व सरकारी वकिलांच्या रिकाम्या जागा कधी भरणार. सहा महिन्यांनी, प्रसिद्धी ओसरल्यावर, तेच निवेदन घेऊन पुन्हा जा. आणि आपल्यापैकी कोणाला पोलिसांनी पंच व्हायला बोलावले, तर जा, डोळे उघडे ठेवून पाहा, मगच सही करा आणि पाच वर्षांनी कोर्टात जे पाहिले तेच सांगा. आमदारांना नवा कायदा मागणे सोपे असते, पण गुन्हेगाराला खरी भीती तुमच्या त्या साक्षीची असते.